हा कागद कोणत्या निजामाचा? ‘निजाम’ किताबाचा इतिहास वापरून काळ ठरवण्याची रीत

मराठवाड्यात ‘निजामकाळातले’ हे विशेषण फार सढळ हाताने लावले जाते. दौलताबादच्या वाटेवरची पडकी कमान असो, आजोबांच्या ट्रंकेत सापडलेली उर्दू सनद असो, देव्हाऱ्यात पूजेला ठेवलेला चांदीचा रुपया असो किंवा तहसील कार्यालयातून काढलेली एखादी नक्कल असो, सगळ्यांवर एकच शिक्का बसतो. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी गावोगावची जुनी दप्तरे उघडली गेली, तेव्हापासून तर हा शब्द रोजच्या बोलण्यातला झाला आहे. वास्तविक निजाम हे कोणा एका माणसाचे नाव नव्हे. तो दिल्लीच्या बादशहाने एका सरदाराला दिलेला किताब असून पुढे तो त्याच्या घराण्यात वंशपरंपरेने चालला आणि १७२४ ते १९४८ अशी सव्वादोनशे वर्षे वेगवेगळ्या माणसांनी तो धारण केला. त्यामुळे ‘निजामकाळ’ एवढ्यावर न थांबता कोणत्या निजामाचा काळ, हे ठरवता आले पाहिजे, आणि किताबाचा इतिहास ठाऊक असल्यास ते बरेचदा घरबसल्याही ठरवता येते. त्याची रीत पुढे दिली आहे.

सर्वांत आधी निजामशाही आणि निजाम यांची गल्लत दूर करावी, कारण मराठवाड्यात सर्वाधिक घोटाळा येथेच होतो. अहमदनगरची निजामशाही मलिक अहमदने १४९० मध्ये स्थापन केली आणि १६३६ मध्ये ती बुडाली. मलिक अहमदचा बाप मलिक हसन हा बहमनी दरबारातला वजीर होता व त्याला ‘निजाम-उल-मुल्क’ हा किताब होता. त्यावरून मुलाच्या घराण्याला निजामशाही म्हटले गेले. खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर), हे शहर १६१० मध्ये वसवणारा मलिक अंबर या निजामशाहीचा, हैदराबादच्या निजामाचा नव्हे. हैदराबादचे घराणे आसफजाही होय आणि दोहोंत रक्ताचे कोणतेही नाते नाही. ‘निजाम-उल-मुल्क’ हा मुळात राज्याची व्यवस्था लावणाऱ्या वजिराचा किताब असल्यामुळे तो अनेक दरबारांत अनेकांना मिळाला. अकराव्या शतकातील सेल्जुक सुलतानांचा प्रसिद्ध वजीरही याच किताबाने ओळखला जातो. म्हणून एखाद्या शिलालेखात ‘निजाम’ हे अक्षर दिसताच हैदराबाद आठवू नये. लेख १६३६ पूर्वीचा असेल तर अहमदनगरकडे पाहावे. १६३६ ते १७२४ या मधल्या काळातला असेल तर तो मोगल सुभेदारीचा समजावा. त्याला निजामकालीन म्हणणे चूक आहे. औरंगजेबाच्या काळातल्या औरंगाबादेतील कित्येक वास्तूंना आज विनाकारण निजामाचे नाव चिकटले आहे.

यानंतर किताब घराण्यात कसा आला आणि कोणाकोणाकडे गेला, याची साखळी एका कागदावर लिहून घ्यावी. मूळ पुरुष मीर कमरुद्दीन याचा जन्म १६७१ चा. त्याचे आजोबा ख्वाजा आबिद गोवळकोंड्याच्या वेढ्यात १६८७ मध्ये मारले गेले. औरंगजेबाने कमरुद्दीनला ‘चिन किलिच खान’ केले, फर्रुखसियरने १७१३ मध्ये ‘निजाम-उल-मुल्क’ आणि ‘फतेहजंग’ हे किताब देऊन दख्खनची सुभेदारी दिली, आणि महंमदशहाने १७२५ मध्ये ‘आसफजाह’ हा किताब दिला. या तिन्ही पायऱ्या ध्यानात ठेवाव्यात, कारण एकाच माणसाचा उल्लेख कागदाच्या सालाप्रमाणे तीन निरनिराळ्या नावांनी येतो आणि अनभिज्ञ वाचक त्यांना तीन माणसे समजतो. १७२४ च्या ऑक्टोबरात साखरखेर्ड्याजवळ हैदराबादचा मोगल सुभेदार मुबारिजखान याचा पराभव करून तो दख्खनचा प्रत्यक्ष धनी झाला. तेव्हापासून आसफजाही सत्तेचा आरंभ मानतात. त्याचा मृत्यू १७४८ मध्ये बऱ्हाणपूर येथे झाला, पण दफन खुलताबादेत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. घराण्याचा मूळ पुरुष हैदराबादेत नव्हे तर मराठवाड्याच्या मातीत विसावला आहे, ही गोष्ट हैदराबादचा इतिहास सांगणारे पुष्कळदा सांगायला विसरतात.

पुढील साखळीत एक फट आहे आणि तीच समजून घेण्याजोगी आहे. १७४८ नंतर नासिरजंग, मुजफ्फरजंग आणि सलाबतजंग असे तिघे गादीवर बसले. पहिले दोघे १७५० आणि १७५१ मध्ये मारले गेले. सलाबतजंगाला त्याचा भाऊ निजामअली याने १७६२ मध्ये बाजूस सारून बिदरला कैदेत टाकले. या तिघांची गणना क्रमांकांत होत नाही. पहिला आसफजाह १७४८ पर्यंत आणि दुसरा आसफजाह निजामअली १७६२ पासून, अशी मोजणी चालते. तेव्हा १७५५ सालचा एखादा कागद हाती आला तर तो ‘दुसऱ्या निजामाचा’ असे लिहू नये. सलाबतजंगाच्या कारकिर्दीतला असे लिहावे. याच काळात पहिल्या निजामाचा थोरला मुलगा गाजीउद्दीन हा दिल्लीहून दख्खनच्या सुभेदारीची बादशाही सनद घेऊन १७५२ मध्ये औरंगाबादेस आला आणि काही दिवसांतच तेथे मरण पावला. विषप्रयोग झाल्याची बोलवा तेव्हापासून आहे. गादी घराण्यातच राहायची हे ठरून गेले होते, पण ती कोणाची हे सांगायला अजून दिल्लीचा कागद लागत होता, हे या एका घटनेतून जितके उघड होते तितके दुसऱ्या कशातून होत नाही.

सात निजामांची एक दंतकथाही आपल्याकडे सांगतात. औरंगाबादेतील सूफी संत हजरत निजामुद्दीन यांनी पहिल्या निजामाला कुलचे वाढले, त्याने सात खाल्ले, आणि सात पिढ्या राज्य चालेल असा आशीर्वाद मिळाला. म्हणून निशाणावर पिवळ्या पार्श्वभूमीवर पांढरा गोल कुलचा आला, अशी ती कथा आहे. कथा गोड आहे, परंतु वर सांगितलेले तिघे वगळले तरच आकडा सातावर येतो आणि मोजल्यास कुलचे दहा होतात. काळनिश्चितीसाठी कथेवर विसंबू नये.

उरलेली साखळी सोपी आहे. दुसरा निजामअली १७६२ ते १८०३, तिसरा सिकंदरजाह १८२९ पर्यंत, चौथा नासिरुद्दौला १८५७ पर्यंत, पाचवा अफजलुद्दौला १८६९ पर्यंत, सहावा मीर महबूबअली खान १९११ पर्यंत आणि सातवा मीर उस्मानअली खान १९४८ पर्यंत. उर्दू-फारसी लिखाणात हे क्रमांक सानी, सालिस, राबे, खामिस, सादिस आणि साबे या शब्दांनी येतात. ‘आसफजाह सादिस’ वाचले की महबूबअली आणि ‘आसफजाह साबे’ वाचले की उस्मानअली, एवढे पाठ केले तरी विसाव्या शतकातील बहुतेक कागदांचा निकाल लागतो.

नाव वाचता आले नाही तर साल वाचावे, आणि खरे सांगायचे तर सालच अधिक विश्वासार्ह असते, कारण अंक हे शिकस्ता, म्हणजे घाईच्या मोडत्या, वळणाच्या उर्दूपेक्षा पुष्कळ स्पष्ट असतात. निजामी कागदांत मुख्यतः हिजरी आणि फसली अशी दोन सने भेटतात. हिजरीचे इसवीत स्थूल रूपांतर करण्यासाठी आकड्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवावेत. १३२९ हिजरीचे असे गणित केल्यास १९११ येते, आणि उस्मानअली त्याच वर्षी गादीवर आला. महसुली कागदांत मात्र फसली, म्हणजे पिकांच्या हंगामावर बेतलेला महसुली, सन असतो. हैदराबाद संस्थानात विसाव्या शतकात हे वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होत असे आणि त्याचे महिने आजुर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दीबेहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहर व आबान या क्रमाने चालत. म्हणजे आजुर हा साधारण ऑक्टोबर आणि आबान हा साधारण सप्टेंबर. ऑक्टोबर ते डिसेंबरातील तारीख असल्यास फसलीत ५९० मिळवावेत आणि जानेवारीनंतरची असल्यास ५९१.

एक उदाहरण करून पाहावे. नकलेच्या डोक्यावर ‘१७ आबान १३३१ फसली’ असे लिहिलेले आहे. आबान हा वर्षाचा शेवटचा महिना, म्हणून ५९१ मिळवले; उत्तर आले १९२२. म्हणजे कागद सप्टेंबर १९२२ च्या उत्तरार्धातला, अर्थात उस्मानअलीच्या कारकिर्दीतला. आपले गणित बरोबर आहे की नाही, हे पडताळायला संस्थानचे कायदे उपयोगी पडतात, कारण त्यांच्या नावातच फसली साल आहे. हैदराबाद जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे १९०७-०८ चा. जहागिरी नष्ट करणारा विनियम १३५८ फसलीचा असून तो १९४९ च्या ऑगस्टात निघाला. याच हिशेबाने १३२० फसलीच्या मेहर महिन्यापासून १३५७ च्या आबानपर्यंत उस्मानअली आणि त्यापूर्वी १२७८ पर्यंत मागे महबूबअली, अशी चौकट ठरते. महबूबअली गादीवर आला तेव्हा जेमतेम अडीच वर्षांचा होता आणि त्याच्या हाती कारभार १८८४ मध्ये आला, म्हणून त्याआधीच्या हुकमांवर त्याच्यापेक्षा दिवाण पहिला सालारजंग याचेच नाव ठळक दिसले तर गोंधळू नये.

भाषेवरूनही अंदाज येतो. दरबारी कारभाराची भाषा १८८० च्या दशकापर्यंत फारसी होती, नंतर उर्दू झाली. गावपातळीवर मात्र पाटील-कुलकर्ण्यांचे दप्तर मोडीतच चालत राहिले, त्यामुळे मोडी म्हणजे पेशवाई आणि उर्दू म्हणजे निजाम अशी सरळ वाटणी करणे धोक्याचे आहे.

मोडी कागद अठराव्या शतकातला असेल तर आणखी एक सावधगिरी लागते. त्यात ‘निजाम’ हा शब्द शोधत बसू नये. मराठ्यांच्या दप्तरात पहिल्या निजामाला ‘निजामन्मुलूक’, पुढच्यांना ‘नबाब’ आणि एकूण पक्षाला सरळ ‘मोगल’ म्हणण्याचा प्रघात होता. हैदराबादचा मुलूख म्हणजे मोगलाई. पश्चिम महाराष्ट्रातली जुनी माणसे मराठवाड्याला याच नावाने ओळखत. या शब्दामागे किताबाचा सगळा इतिहास आहे: निजाम स्वतःला कधी बादशहा म्हणवीत नव्हता, तो कागदोपत्री दिल्लीचा सुभेदार होता, आणि पुण्याच्या कारकुनाने त्याला मोगल म्हटले यात चूक काही नव्हती. गावाच्या वसुलीत ‘मोगलाई अमल’ एका बाजूला आणि चौथाई, सरदेशमुखी, मोकासा ही मराठ्यांची अंगे दुसऱ्या बाजूला मांडलेली दिसली, की तो गाव दुहेरी अमलाखालचा समजावा. पालखेडच्या पराभवानंतर ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगाव येथे झालेल्या तहात निजामाने दख्खनच्या सुभ्यांवरील शाहू महाराजांचा हा हक्क मान्य केला होता. अशा कागदांत बहुधा शुहूर सन असतो व तो अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. ‘समान अशरीन मया व अलफ’ म्हणजे आठ, वीस, शंभर आणि हजार, एकूण ११२८. त्यात ५९९ मिळवल्यास १७२७ चा मृग येतो. वर्ष मृगापासून सुरू होत असल्याने जानेवारीनंतरच्या तारखांना ६०० मिळवावेत. पालखेड आणि मुंगी-शेवगाव याच ११२८ मध्ये बसतात.

नाणे हाती असेल तर काम आणखी सोपे होते. १८५७ पर्यंत निजामांच्या टांकसाळीत पडलेल्या रुपयावर नाव असे ते दिल्लीच्या बादशहाचे. निजामाने स्वतःसाठी फार तर नावाचे एखादे आद्याक्षर ठेवले, म्हणजे सिकंदरजाहसाठी सीन, नासिरुद्दौलासाठी नून. म्हणून अशा रुपयावर बादशहाचे नाव वाचून तो ‘मोगल नाणे’ म्हणून बाजूला ठेवू नये. टांकसाळीचे नावही पाहावे: ‘फर्खुंदा बुनियाद’ म्हणजे हैदराबाद आणि ‘खुजिस्ता बुनियाद’ म्हणजे आपले औरंगाबाद, कागदांतही शहरांचे हेच मानाचे उल्लेख येतात. १८५७ नंतर बादशहाच उरला नाही, तेव्हा अफजलुद्दौलाच्या काळात त्याचे नाव जाऊन नाण्यावर ‘निजाम-उल-मुल्क आसफजाह बहादूर’ आले. सव्वाशे-दीडशे वर्षे दुसऱ्याच्या नावाने नाणे पाडणाऱ्या घराण्याचा किताब येथे प्रथम धातूवर स्वतःच्या बळावर उभा राहिला. किताबाजवळ कधी कधी ९२ हा आकडा दिसतो. तो साल नव्हे. ‘मुहम्मद’ या नावातील अक्षरांच्या मूल्यांची ती बेरीज आहे. सालाचा आकडा चार अंकी असतो, तोच धरावा.

घरोघरी जो रुपया सापडतो तो मात्र चारमिनारचा. विसाव्या शतकाच्या आरंभी यंत्रावर पाडलेल्या नाण्यांवर चारमिनार आला. तो रुपया उजेडात धरून इमारतीच्या मधल्या कमानीत पाहावे. तेथे एकच बारीक अक्षर कोरलेले असते: मीम असल्यास महबूबअली, ऐन असल्यास उस्मानअली. भिंग जवळ असल्यास उत्तम, नसल्यास मोबाइलने छायाचित्र काढून मोठे करावे. याच रुपयाला ‘हाली’ म्हणत आणि इंग्रजी रुपयाला ‘कलदार’. सात हाली म्हणजे सहा कलदार असा साधारण भाव असल्यामुळे, खरेदीखतातील रक्कम कोणत्या रुपयांत आहे हे वाचल्याशिवाय जमिनीच्या जुन्या किमतीची तुलना करू नये. ‘हाली सिक्का’ हा उल्लेख असलेला कागद संस्थानातलाच असतो.

गावाच्या व जिल्ह्याच्या नावावरून काळ ठरवताना जपून पावले टाकावीत. ‘उस्मानाबाद’ हे नाव दिसले की कागद १९११ नंतरचा, असे अनेक जण मानतात. पण १९०८ मध्ये छापलेल्या इम्पीरियल गॅझेटिअरमध्ये धाराशिवचा जिल्हा उस्मानाबाद म्हणूनच आहे, म्हणजे उस्मानअली वारस असतानाच ते नाव पडले होते. अंबाजोगाई ‘मोमिनाबाद’ या नावाखाली शोधावी. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तेव्हा बिदर जिल्ह्यात असल्याने त्यांची दप्तरे लातूरला न मिळाल्यास निराश होण्याचे कारण नाही.

हुकूम कोणी दिला, हेही पाहावे लागते. सगळा मुलूख थेट निजामाच्या दिवाणी कारभारात नव्हता. काही भाग ‘सर्फेखास’, म्हणजे निजामाची खासगी मालमत्ता होती; धाराशिवकडचा बराच मुलूख त्यात मोडत असे. काही भाग पायगा अमीरांचा, म्हणजे निजामाच्या बड्या सरदार घराण्यांचा, काही सालारजंगांचा, काही लहान जहागीरदारांचा. जहागिरीतल्या गावाचा कागद जहागीरदाराच्या मोहोरेचा असतो आणि त्यावर निजामाचा किताब असेलच असे नाही. इनामाचा प्रश्न असल्यास ‘मुंतखब’ शोधावा, कारण इनामाची चौकशी होऊन दिलेला निर्णय त्यात असतो व न्यायालयात आजही त्याला वजन आहे. मूळ दरबारी नोंदींसाठी हैदराबादेतील तारनाका येथील राज्य अभिलेखागार गाठावे. मोगल आणि आसफजाही काळाचे दप्तर तेथे आहे. जाताना गावाचे नाव, तालुका आणि फसली साल लिहून न्यावे. नुसते ‘निजामाच्या वेळचे आहे’ असे सांगितल्यास कोणताही अभिलेखपाल काही काढून देऊ शकणार नाही.

शेवटची आणि फार नाजूक कसोटी १९४८ नंतरच्या कागदांची. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची सत्ता संपली, पण किताब संपला नाही. उस्मानअली २६ जानेवारी १९५० पासून ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा राजप्रमुख होता, आणि त्या वर्षांतील सरकारी कागदांत निजामाचे नाव सन्मानाने येत राहते. ज्याला आपण सर्रास ‘निजामकालीन खासरा’ म्हणतो, ते खासरा पत्रक, म्हणजे गावच्या जमिनींची नोंद, १९५४ च्या सुमाराचे आहे, म्हणजे लोकनियुक्त सरकारच्या काळातले. अर्जात किंवा शपथपत्रात त्याचा उल्लेख ‘हैदराबाद राज्याच्या काळातील’ असा करावा. उस्मानअली १९६७ मध्ये वारला. नातू मुकर्रमजाह याला भारत सरकारने वारस म्हणून मान्यता दिली, आणि १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे व मान्यता दोन्ही रद्द झाल्या. त्यानंतरच्या कोणत्याही पत्रावर ‘आठवा निजाम’ असे लिहिलेले आढळल्यास ते घराण्याचे खासगी पत्र समजावे. जमीन, इनाम किंवा जातीची नोंद सिद्ध करण्यासाठी त्याचा उपयोग नाही.